कणकेवरची बोटं

८ जुलै

काल कडुबाचा दहावा झाला. कायगावला, गोदावरीच्या काठी.

ही वही मनस्विनीने मी निवृत्त झालो तेव्हा पुण्याहून पाठवली होती. "बाबा, रोज लिहीत जा, म्हणजे आईला ऐकावं कमी लागेल." लेक आहे, बोलून घेते. अकरा महिने वही कपाटात कोरी पडून होती. आज काढली, कारण कालची गोष्ट ज्याला सांगायची तोच आता नाही.

कडुबा करमाडचा शेतकरी आणि पेटीवाला. मी पाटबंधारे खात्यातला आरेखक आणि पखवाजवाला. एकतीस वर्षांपूर्वी कालव्याच्या मोजणीसाठी करमाडला गेलो होतो. मारुतीच्या देवळात हा पेटी वाजवत होता आणि साथीला बसलेल्याचा ठेका सारखा घसरत होता. मला काही राहवेना. मोजणीची साखळी पारावर ठेवून आत गेलो आणि त्या माणसाला म्हटलं, "सरका जरा." तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी मी उस्मानपुऱ्याहून स्कूटरवर पखवाज बांधून करमाडला जातो. भानुमती म्हणते, माझं लग्न तुमच्याशी झालं आणि तुमचं करमाडशी.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक लावावी लागते, तेव्हा तो घुमतो. मी कणीक लावली की कडुबा पेटीवरून वाकून उजव्या हाताची चार बोटं तिच्यावर दाबायचा. "लई घट्ट झालीय. पाणी लाव." किंवा, "हां, आता बरोबर." त्यातल्या अंगठ्याजवळच्या बोटाचं वरचं पेर तरुणपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेलं. उरलेल्या बोटांवर तो अशी पेटी वाजवायचा की दहा बोटांवाल्यांनी लाजावं. वाजवून झालं की कणीक खरवडून काढायची आणि त्याच्या गायीला घालायची. ही एकतीस वर्षांची रीत.

काल घाटावर आधी भजन झालं. मी वाजवलं, कणीक काढली, लिंबाएवढा गोळा हातातच राहिला. मग पिंड मांडले. आणि कावळा काही शिवेना. समोरच्या बाभळीवर सात-आठ बसले होते, बघत होते, पण एकही खाली येईना. तास झाला. अतुल, कडुबाचा मुलगा, बापाला उद्देशून हात जोडून म्हणाला, "दादा, प्रेरणाचं लग्न वर्षाच्या आत करतो." प्रेरणा त्याची बहीण. घरात माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, त्यामुळे हा शब्द देणं भागच होतं. सारजावहिनी, कडुबाची बायको, सासूकडे बघून म्हणाल्या, "मायला मी अंतर देणार नाय." कावळे ढिम्म.

मग मी पुढे झालो. "कडुबा, ठरल्याप्रमाणे लग्नात वाजवू. तू पेटी, मी पखवाज. डीजेवाल्याला मांडवाबाहेर ठेवू." आणि हातातला कणकेचा गोळा पिंडाशेजारी ठेवला. का ठेवला कुणास ठाऊक. हातात होता म्हणून.

तत्क्षणी एक कावळा झेपावला आणि तो गोळा चोचीत धरून उडाला. "शिवला! शिवला!" लोक रडत-हसत ओरडले. गुरुजी पाठमोरे होते, त्यांच्याकडे अजून पाच दहावे खोळंबले होते. माझे आजोबा हीच कामं करायचे हे त्यांना माहीत, म्हणून त्यांनी मलाच विचारलं, "झालं का हो?"

मी म्हणालो, "झालं."

कावळा नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात. त्यासाठी काढलेला दर्भ गुरुजींनी परत पिशवीत टाकला. परतताना जीपमध्ये गोजरबाई, कडुबाची आई, माझ्या शेजारी होती. वाळूजच्या पुढे आल्यावर एवढंच म्हणाली, "श्रीरंगा, पिंड तसाच गेला रं पाण्यात."

मी म्हटलं, "माय, कावळा आला ना? मग झालं तर."

खरं सांगायचं तर मला थोडा अभिमानच वाटत होता. पोटच्या पोरांच्या शब्दाला जो आला नाही, तो माझ्या पखवाजाच्या कणकेला आला.

१० जुलै

दहाव्यानंतरचा पहिला गुरुवार. गेलो नाही. स्कूटर काढली, पुसली, परत लावली.

त्याचा शेवटचा गुरुवार आठवतो. "आज बास करू, श्रीरंगा," असं तो म्हणाला होता. सहा महिने त्याला भाता मारताना धाप लागत होती. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "अजून एक!" तो नेहमीप्रमाणे हसला आणि अजून एक झालं. काय रंगलं होतं! दोन दिवसांनी शेतातून आला, "जरा पडतो" म्हणाला आणि गेला. निदान शेवटचं भजन मनासारखं झालं त्याचं.

२४ जुलै

करमाडला गेलो. भजन नेहमीप्रमाणे कडुबाच्या घरी. त्याची पेटी खोक्यात कुलूपबंद, कोपऱ्यात तिच्या जागी. टाळकऱ्यांनी टाळ घेतले, मी कणीक लावली आणि रांजणातलं पाणी प्यायला अंगणात गेलो. परत आलो तर कणकेवर बोटं उमटलेली.

कुणीतरी थट्टा केली असेल म्हणून मी सगळ्यांकडे पाहिलं. सगळे आपापल्या जागी, टाळाच्या दोऱ्या सोडवत होते. निवृत्त झालो तरी सहा इंची पट्टी खिशात असते. मोजलं. करंगळीकडून तीन खळगे नीट गोल, एका ओळीत. चौथा पाऊण इंच अलीकडे, रुंद आणि बोथट.

भजन करता करता मी सगळ्यांची बोटं मोजली. सगळ्यांची धडधाकट.

पखवाज आज फार छान घुमला, हेही लिहायला हवं.

२९ जुलै

घरी सहसा वाजवत नाही, खालच्या मजल्यावरचे व्यंकटराव दुपारी झोपतात. पण आज भानुमती तिच्या बहिणीकडे गेली होती आणि हात शिवशिवत होते. चारला बसलो. कणीक लावली. मुद्दाम उठून स्वयंपाकघरात गेलो, शंभर आकडे मोजले आणि आलो.

तीन गोल, एक बोथट.

दार आतून बंद होतं. मी तपासलं. गॅलरीचंही.

घाबरलो, खोटं कशाला लिहू. खाली बसलो आणि बसल्यावर दुसरं काही सुचेना म्हणून वाजवायला लागलो. आणि मग ते झालं. धुमाळीचा ठेका धरला आणि जिथं कडुबा सूर उचलायचा तिथं जागा आपोआप भरली. कानांना ऐकू आलं असं म्हणणार नाही. पण एकतीस वर्षं ज्याच्या भरवशावर मी हात सैल सोडत आलो, तो भरवसा तिथं होता. मी असं कधी वाजवलं नव्हतं. तास झाला तेव्हा सदरा घामाने भिजला होता आणि मी एकटाच हसत होतो.

कणीक खरवडून गॅलरीच्या कठड्यावर ठेवली. लगेच एक कावळा आला आणि घेऊन गेला.

६ ऑगस्ट

आता रोज चारला बसतो. भानुमतीला सांगितलं, डॉक्टरांनी बोटांना व्यायाम सांगितलाय. तिने विचारलं, कोणत्या डॉक्टरांनी? मी म्हटलं, "तुला सगळं कसं गं सांगायचं?"

कावळा रोज येतो. भानुमतीने त्याला पोळी घातली, तूप-गूळ लावून घातली. ढुंकून पाहिलं नाही. त्याला पखवाजाची कणीकच लागते. ती म्हणाली, "अहो, हा कावळा मला बरा दिसत नाही. तुमच्याकडेच बघतो."

मी म्हटलं, "ओळखीचा आहे."

ती हसली नाही.

मेलेला मित्र आपल्याकडे येतो म्हटल्यावर माणसाने घाबरावं, देवाला नारळ फोडावा. मी मात्र साडेतीनपासून घड्याळ बघत बसतो. आयुष्यभर मी हे असलं सगळं थोतांड म्हणत आलो. आजोबांच्या पोथ्या रद्दीत घालणारा मीच. आता एवढंच म्हणतो की आनंद कुठून आला हे विचारू नये.

२६ ऑगस्ट

करमाड. कडुबाचं मासिक श्राद्ध होतं. मागच्या अंगणात पान ठेवलं. दुपारचे दोन वाजले, भाताला माशा लागल्या, कावळा नाही. सारजावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, दहाव्यापासून एक बी कावळा आला नाय दारात. लिंबावर लई असायचे." अतुलचं म्हणणं, शेंद्र्याला कारखाने वाढले, मोबाइलचे मनोरे झाले, पाखरं गेली. तो तिथंच कामाला आहे, त्याला ठाऊक असणार.

गोजरबाई माझ्याकडे बघत होती. मी पानावरच्या माशा हाकलत राहिलो. 

निघताना प्रेरणा स्कूटरपर्यंत आली. लग्न ठरलंय, गंगापूरकडचा मुलगा आहे, शिक्षक. तिचा चेहरा मात्र उतरलेला. म्हणाली, "काका, कुणाला सांगू नका. दादांची पेटी श्वास घेती."

"म्हणजे?"

"खोक्यात. भाता वरखाली व्हतो, तसा आवाज. मी कान लावून ऐकलं. मायलाबी ऐकू येतं. रोज चारच्या सुमाराला. तासभर चालतं, मग थांबतं."

मी म्हटलं, उंदीर असेल. चामडं कुरतडत असेल, डांबराच्या गोळ्या टाक. पोरगी बिचारी बापाच्या आठवणीने कावरीबावरी झाली आहे. घरी पोचायला उशीर झाला, आज चारचं बसणं हुकलं. चुकल्या-चुकल्यासारखं वाटतंय.

१८ सप्टेंबर

आज बिकट चाल काढली, जी कडुबाला कधी साधली नव्हती. साधली. वय नडत नाही, काहीच नडत नाही. एका तासाने भागत नाही म्हणून मी आता दोन तास बसतो. थांबावंसं वाटलं की स्वतःलाच म्हणतो, अजून एक.

१२ ऑक्टोबर

व्यंकटराव जिन्यात भेटले. मला वाटलं, झोपमोडीची तक्रार करणार. तर म्हणाले, "श्रीरंगराव, तुमचे ते पेटीवाले पाहुणे कोण हो? हात गोड आहे."

माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी छाती फुगली. म्हणजे हे माझ्या डोक्यातलं नाही! म्हटलं, "जुने मित्र आहेत."

"वाटलंच. वयस्कर असतील. मध्येमध्ये सूर तुटतो त्यांचा, दम लागल्यासारखा. त्यांना जरा विश्रांती देत जा."

व्यंकटरावांना गाण्यातलं काय कळतं? जन्म कोर्टात नकला करण्यात गेला.

३० ऑक्टोबर

प्रेरणाचा फोन. आता पेटी दोन-दोन तास वाजते म्हणाली. सूर नाही, नुसता श्वास, आणि तोही मध्येच अडकतो, मग घाईघाईने परत सुरू होतो. "दादांचा शेवटी शेवटी व्हायचा ना काका, अगदी तसा." गोजरबाई खोक्याजवळ गोधडी टाकून बसून राहते. खोक्यावरून हात फिरवते.

मी विचारलं, डांबराच्या गोळ्या टाकल्यास का?

 "टाकल्या, काका," ती म्हणाली.

लग्न २३ नोव्हेंबरला. आदल्या दिवशी हळदीला दुपारी भजन ठेवायचं असं मी अतुलला सांगितलं. पेटीचं कुलूप काढून ठेव म्हटलं. वाजवणार कोण, त्याने विचारलं. मी म्हटलं, "ती नुसती ठेवायची. मानाची."

९ नोव्हेंबर

भानुमतीने आज मला आरशासमोर उभं केलं. "बघा स्वतःकडे." सदरा खांद्यावरून उतरतो, हे खरं आहे. भूक नसते, हेही खरं. पण डोळे बघ म्हटलं, कसे चकाकतात! ती रडायला लागली. म्हणाली, "तुमच्या आजोबांच्या घरात वाढलेलं पोरसुद्धा ओळखेल हे काय चाललंय ते. तुम्हालाच तेवढं कळत नाही."

मला सगळं कळतं. दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही, कणकेला शिवला. मी 'झालं' म्हणालो, ते झालेलं नव्हतं. कडुबा गेलाच नाही. तो माझ्या कणकेला धरून राहिलाय. यात वाईट काय आहे? तो आनंदात आहे, मीही आहे. लग्नात वाजवायचा त्याला मी शब्द दिलाय. लग्न झालं की बघू, विधी काय असेल तो करू. लग्न झाल्यावर.

आधी नाही. आधी मला जमणार नाही.

२३ नोव्हेंबर

कालचं आज लिहितोय. काल वही उघडली नाही.

हळद झाली. मांडवभर पिवळी झालेली माणसं, पोरी खिदळतायत, प्रेरणाच्या गालांना हळद आणि डोळ्यांत पाणी. तीनला भजनाला बसलो. माझ्या डाव्या हाताला पेटी, खोक्याबाहेर, फुलांचा हार घातलेली. मागे रिकामी सतरंजी. मी कणीक लावली आणि या वेळी कुठेही उठून गेलो नाही. कणकेवर डोळे लावून बसलो.

कणीक दबली. माझ्यादेखत. आधी तीन खळगे पडले आणि मग सावकाश चौथा, बोथट.

मी ठेका धरला. दुसऱ्या आवर्तनाला पेटीचा भाता हलला. आधी किंचित. मग सूर आला, काळी चारचा, त्याचा नेहमीचा. टाळकऱ्यांचे टाळ क्षणभर थांबले आणि मग एकदम जोरात सुरू झाले, कारण हात थांबले तर समोर काय चाललंय ते बघावं लागलं असतं. मांडवातल्या पाहुण्यांना काही कळलं नाही. भाता आपोआप चालणारी नवी पेटी असेल, असंच त्यांना वाटलं. कुणीतरी फोनवर चित्रीकरण करत होतं. सारजावहिनी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. प्रेरणा पुढे येऊन पेटीसमोर बसली, हळदीच्या अंगाने. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तसा मी आजवर पाहिला नव्हता.

काय सांगू कसं वाजलं ते! मांडव डोलत होता. एक झालं, दुसरं झालं. तिसरं झाल्यावर टाळकरी दमून थांबले. मला थांबायचं नव्हतं. हे शेवटचं, हे मला ठाऊक होतं. मी ओरडलो, "अजून एक!"

भाता हलला. अर्धा वर आला आणि अडकला. परत अर्धा आला. सूर कापत होता. मी लय वाढवली, म्हटलं उचलेल, त्याने नेहमी उचललंय. भाता घाईघाईने वरखाली होऊ लागला आणि सुराऐवजी नुसती हवा यायला लागली. धाप. तो आवाज मला माहीत होता. सहा महिने दर गुरुवारी मी तो पेटीपलीकडून ऐकला होता आणि त्याच्यावर पखवाज वाजवला होता.

गोजरबाई उठली. वाकून, काठी टेकत मांडवाच्या त्या टोकाहून आली. पेटीशेजारी बसली, दोन्ही हात भात्यावर ठेवले. लहान मुलाची छाती चोळावी तसे ते फिरवले.

"बास कर रं, श्रीरंगा," ती म्हणाली. "दमलं माझं लेकरू."

माझे हात हवेतच राहिले. पखवाजवाला समेवर आल्याशिवाय कधी थांबत नाही. मी मध्येच थांबलो.

रोज चार वाजता. तासभर, मग दोन तास. पोरगी मला सांगत होती. व्यंकटराव सांगत होते. म्हातारी खोक्यावर हात फिरवत होती. मी उस्मानपुऱ्यात बसून अजून एक, अजून एक म्हणत होतो आणि करमाडच्या बंद खोक्यात तो धापा टाकत होता. जिवंतपणी 'बास' म्हणाला तेव्हा मी त्याचं ऐकलं नाही आणि मेल्यावर त्याला बोलायची सोयच ठेवली नाही.

मी कणीक खरवडली. तिच्यावरची बोटं पुसली गेली. मांडवाच्या खांबावर माझा तो कावळा येऊन बसला होता, करमाडला, पाच महिन्यांत पहिल्यांदा. चोच उघडून वाट पाहत होता. मी त्याला गोळा दिला नाही. मुठीत घट्ट धरून ठेवला आणि रडलो, सगळ्यांसमोर. पाहुण्यांना वाटलं, मित्राच्या आठवणीने रडतोय.

आज लग्न लागलं. अक्षता टाकल्या. जेवलो नाही.

२४ नोव्हेंबर

अतुलला सगळं सांगितलं. तो माझ्या अंगावर धावून येईल असं वाटलं होतं. आला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "काका, तुमी तरी दादांना सोडलं नाय. आमी तर कामाला लागलो."

गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, घरात मंगलकार्य झालं की सहा महिने पिंडदान करत नाहीत, शास्त्र आहे. गोजरबाईने फोन मागून घेतला. "म्हाराज, मेलेल्या माणसाला अजून सहा महिने पळवायचं का? उद्या या. पाप लागलं तर मपल्या नावावर लावा."

गुरुजी येतो म्हणाले.

२५ नोव्हेंबर

कायगाव. पाणी संथ, ऊन कोवळं. अतुलने पिंड मांडले. भजन नाही, पखवाज मी मुद्दाम घरी ठेवला. हात रिकामे.

गुरुजींनी दर्भाची जुडी माझ्याकडे दिली. "तुमच्या आजोबांनी शिकवलं असेल." शिकवलं होतं. मी नऊ वर्षांचा होतो, त्यांच्या मांडीशी बसून दर्भाचे कावळे करायचो आणि खेळायचो, म्हणून मार खायचो. बोटांना आठवत होतं. दोन काड्या आडव्या, एक उभी, मान वळवायची.

करता करता मी हळू बोललो, फक्त त्याला ऐकू जाईल असं. "कडुबा, माझं ऐकू नकोस. मी आणखी एक म्हणेन, माझी खोडच आहे. तू ऊठ आणि जा. पेटी खाली ठेव." अजून पुष्कळ बोललो, ते इथं लिहीत नाही.

माझा दर्भाचा कावळा अर्धवट असताना बाभळीवरून खरा उतरला. पिंडाभोवती दोन उड्या मारल्या. माझ्याकडे बघितलं नाही. पिंडातला भात उचलला, गिळला, परत उचलला.

या वेळी गुरुजींनी नीट वळून बघितलं. विचारलं, "झालं का?"

मी तोंड उघडलं नाही. गोजरबाईने पाण्याकडे बघत सांगितलं, "झालं."

येताना जीपमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. वाळूज गेलं तरी उठली नाही.

२६ नोव्हेंबर

चारला कणीक लावली. शंभर आकडे मोजले, मग दोनशे. कणीक गुळगुळीत होती. ती तशीच वाळू दिली. गॅलरीत भानुमतीने पोळीचा तुकडा टाकला आणि कुठल्याशा एका कावळ्याने तो उचलला. माझ्याकडे बघून ती चहा ठेवायला गेली.

फार रिकामं वाटतंय. हे दुःख पाच महिन्यांपूर्वी करायचं होतं. उधारीवर ठेवलं होतं.

४ डिसेंबर

गुरुवार. जाणार नव्हतो. भानुमतीनेच पखवाज दुलईत गुंडाळून स्कूटरवर ठेवला आणि म्हणाली, "माझ्या सवतीला विचारलंय म्हणून सांगा."

प्रेरणा माहेरपणाला आली आहे. हिरवा चुडा, चेहरा भरलेला. लिंबावर कावळ्यांचा नुसता कलकलाट. वहिनी त्यांच्यावर खेकसत होत्या आणि मध्येच हसत होत्या. अतुलने बापाची पेटी काढली होती. लहानपणी थोडा शिकला होता, म्हणाला, चुकलो तर बोलू नका.

मी कणीक लावली. आणि सवयीने थांबलो. एकतीस वर्षांची सवय आहे, पटकन जाणार नाही. टाळकरी माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बघत होतो.

हिरव्या बांगड्या वाजल्या. प्रेरणाने वाकून चार बोटं कणकेवर दाबली.

"लई घट्ट झालीय, काका. पाणी लावा."

मी बघितलं. पट्टी काढली नाही. चार खळगे, चारही गोल, चारही एका ओळीत.

पाणी लावलं. अतुल चुकतमाकत वाजवत होता, दोनदा सूर सुटला, मी ठेका धरून त्याची वाट पाहिली. तिसऱ्यांदा सापडला तेव्हा त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला हसू फुटलं आणि मग सगळेच हसलो, गोजरबाईसुद्धा, दात नसलेल्या तोंडाने. आनंद झाला. मला होईल असं वाटलं नव्हतं, पण झाला.

दुसरं भजन संपल्यावर प्रेरणा म्हणाली, "अजून एक!"

अतुलच्या कपाळावर घाम होता. त्याने भात्याला हात घातला. मी पखवाजावर हात आडवा ठेवला आणि त्याला विचारलं, "दमलास का?"

पेटीवाल्याला हा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा विचारत होतो.

"व्हय काका," तो म्हणाला. "जरासा."

"मग आज बास."

कणीक खरवडली आणि गोठ्यात जाऊन गायीला घातली. तिने हातच चाटून घेतला.